बाटलींतला मसाला

होळी झाली आणि ऊन तापूं लागलें म्हणजे मुंबईच्या उपनगरांत एक वास हिंडूं लागतो. अंधेरीस आंबोली आणि मरोळ, बोरिवलीस वझिरा, घाटकोपरास किरोळ अशीं जीं जुनीं गांवठाणें उंच इमारतींच्या गर्दींत अजून जीव धरून आहेत, त्यांच्या गल्ल्यांतून या दिवसांत एखाद्या दुपारीं जावें. ओटीवर, अंगणांत, अंगण उरलें नसेल तर गच्चीवर, चटया पसरलेल्या असतात. त्यांवर लालभडक मिरच्या वाळत असतात. कोठून तरी धने भाजल्याचा खमंग वास येतो. नाक सुखावतें न सुखावतें तोंच मिरचीची ठसक लागते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिंका सुरू होतात. हा बाटली मसाल्याचा हंगाम होय. हा मसाला कोणाचा, तो कसा करतात, आणि तो कसा करतात हें लिहून ठेवणें कां अगत्याचें आहे, एवढेंच आज मी आपल्याला सांगणार आहें.

हा मसाला ईस्ट इंडियन लोकांचा. नांव ऐकून कोणाला हे लोक परदेशांतून आलेले वाटतील. पण ते मुंबई, साष्टी आणि वसई या भागांतले मूळचे रहिवासी आहेत, त्यांच्या घरांतली बोली मराठीचीच आहे, आणि धर्मानें ते रोमन कॅथलिक आहेत. इ. स. १५३४ मध्यें वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हातीं गेला. त्यांच्या अमदानींत येथल्या कित्येक कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, त्यानंतर इंग्रज आले. राज्यें बदललीं, परंतु या लोकांचा धर्म टिकला आणि भाषाही टिकली. एकोणिसाव्या शतकांत गोवा आणि मंगळूर या बाजूंनीं पुष्कळ कॅथलिक लोक नोकरीसाठीं मुंबईस येऊं लागले. त्यांच्याहून आपली ओळख निराळी राहावी म्हणून १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, येथल्या मूळ कॅथलिकांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. नांव असें इंग्रजी कागदावरून आलें. पण या लोकांचें स्वयंपाकघर पाहिलें तर आपण कोंकणांतच आहोंत याविषयीं शंका राहत नाहीं.

त्या स्वयंपाकघराचा मुख्य आधार म्हणजे हा मसाला. यांतली मिरची मात्र आपली नव्हे. ती मूळची अमेरिका खंडांतली. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यास लागली. त्यापूर्वीं आपल्याकडे तिखटपणा येई तो मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि आल्याचा. म्हणजे एका परक्या फळाभोंवतीं येथले धने, येथली हळद, मलबारचीं मिरीं आणि पूर्वेकडच्या बेटांतली मूळची लवंग व जायपत्री अशी सारी मंडळी गोळा झाली, आणि त्यांतून एका समाजाची चव तयार झाली.

असें जगांत दुसरीकडेही झालें आहे. १७५५ पासून इंग्रजांनीं कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अकेडिया प्रांतांतल्या फ्रेंच वसाहतवाल्यांना घरांदारांतून हांकलून दिलें. त्यांतले बरेच लोक पुढें अमेरिकेच्या दक्षिणेस लुइझियानांत येऊन राहिले. ‘अकेडियन’ या शब्दाचाच अपभ्रंश होऊन त्यांना ‘केजन’ म्हणूं लागले. त्याच मुलुखांत न्यू ऑर्लिअन्स शहरीं फ्रेंच, स्पॅनिश आणि आफ्रिकन लोकांच्या मिश्रणांतून ‘क्रिओल’ समाज व त्याचा स्वयंपाक वाढला. या दोन्ही लोकांचे मसाले आज जगभर डब्यांत भरून विकले जातात. त्यांत पॅप्रिका नांवाच्या सौम्य मिरचीची पूड, झणझणीत लाल तिखट, काळीं आणि पांढरीं मिरीं, वाळवलेल्या लसणाची व कांद्याची पूड, आणि थाईम, ओरेगानो यांसारखा वाळलेला पाला असतो. क्रिओल मसाल्यांत पाल्याचा भाग थोडा अधिक. पण ते मसाले आणि आपला बाटली मसाला यांत एक मोठें अंतर आहे. ते तयार पुडी एका भांड्यांत कालवून पांच मिनिटांत होतात. तेथें यादी हातीं आली कीं मसाला हातीं आला. आपल्याकडे तसें नाहीं. आपल्याकडे यादी ही केवळ सुरुवात आहे.

हें मला कसें कळलें तें सांगतें. अंधेरीस आमच्या शेजारच्या घरीं एक वृद्ध बाई दर वर्षीं हा मसाला करीत. एका वर्षीं ऐन एप्रिलांत त्या आजारी पडल्या, आणि मसाला करण्याचें काम सुनेवर आलें. सून हुशार. तिनें सासूबाईंकडून चोवीस जिन्नसांची यादी लिहून घेतली आणि बाजारांतून एकही न चुकतां सर्व माल आणला. मग तिनें मिरची बाजूस ठेवून बाकीचे जिन्नस एका मोठ्या कढईंत एकत्र भाजले. गहूं कच्चा राहिला, धने अर्धे भाजले, आणि खसखस व तीळ तोंपर्यंत जळून कोळसा झाले. मसाला काळा पडला, कडू लागला, आणि श्रावणांत त्यांत कीड दिसली. यादी चुकीची नव्हती. ती अपुरी होती. किती घ्यावें, कोणतें आधीं, कोणतें मागून, केव्हां उतरावें, केव्हां भरावें, हें त्या म्हाताऱ्या बाईंच्या हातांत होतें, कागदावर नव्हतें. विचारलें तर त्या म्हणत, “अंदाजानं घालायचं, हाताला कळतं.” पुढल्या वर्षीं त्या बऱ्या होऊन पुन्हां चुलीपुढें बसल्या, तेव्हां सुनेनें आणि मीं मिळून एक युक्ति केली. त्यांची प्रत्येक मूठ कढईंत पडण्यापूर्वीं आम्ही ती तागडींत तोलली आणि लिहून ठेवली. आज मी जें प्रमाण सांगणार आहें तें त्या मुठींचें आहे. दर घराचें प्रमाण निराळें असतें आणि प्रत्येक घराला आपलेंच खरें वाटतें. तेव्हां हें एका घरचें समजावें आणि आरंभासाठीं धरावें.

देंठ काढलेल्या मिरच्या एक किलो घ्याव्या: ६०० ग्रॅम काश्मिरी, २५० ग्रॅम रेशमपट्टी आणि १५० ग्रॅम गुंटूर. पहिली रंगासाठीं, तिसरी तिखटासाठीं, आणि मधली दोहोंचा मेळ घालण्यासाठीं. मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा हीं दोन भिन्न द्रव्यांचीं कामें आहेत. रंग मुख्यतः कॅप्सँथीनचा, जाळ कॅप्सेसीनचा. म्हणून लालभडक मिरची जहाल असतेच असें नाहीं, आणि एकाच जातीच्या मिरचीवर मसाला केला तर तो एकांगी होतो.

त्यानंतर धने २५० ग्रॅम. गहूं आणि हरभरे प्रत्येकीं १०० ग्रॅम. हळकुंडें १०० ग्रॅम. जिरें, तीळ, खसखस, मोहरी आणि काळीं मिरीं प्रत्येकीं ५० ग्रॅम. बडीशेप २५ ग्रॅम. शेवटीं सुगंधी जिन्नस: दालचिनी १५ ग्रॅम, लवंगा, वेलदोडे, शहाजिरें, दगडफूल, नागकेशर आणि तमालपत्र प्रत्येकीं १० ग्रॅम, चक्रीफूल, जायपत्री आणि कबाबचिनी प्रत्येकीं ५ ग्रॅम, आणि एक जायफळ. मिरच्यांच्या तीन जाति धरून हे चोवीस जिन्नस झाले. मसाल्यांत गहूं आणि हरभरे कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. ही भेसळ नव्हे. भाजलेल्या धान्याचें पीठ मसाल्यांतलें तेल धरून ठेवतें, आणि कालवणांत शिजल्यावर रस्सा दाट करतें. ज्या घरीं हा मसाला आहे तेथें रश्श्याला निराळें वाटण लावलें नाहीं तरी चालतें.

आतां कृति. पहिली पायरी उन्हाची. मिरच्या तीन दिवस कडक उन्हांत वाळवाव्या, आणि बाकीच्या जिन्नसांनाही निवडून, पाखडून एक दिवसाचें ऊन द्यावें. मिरची हातांत धरून मोडली असतां ‘कट्’ असा आवाज व्हावा, आणि हलवली असतां आंतलें बीं खुळखुळावें. येथें एक गोष्ट विसरूं नये. सायंकाळ होण्यापूर्वीं मिरच्या घरांत घ्याव्या; समुद्राजवळच्या हवेंत दिवसभर सुकलेली मिरची रात्रीं पुन्हां ओल शोषून घेते आणि दिवसाचें काम फुकट जातें. हा कोरडेपणा केवळ टिकण्यासाठीं नाहीं. ओलसर मिरचीवर जी बुरशी येते तिच्यांतल्या कांहीं जाति अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष निर्माण करतात. तें यकृताला घातक आहे आणि शिजवल्यानेंही पुरतें नाहींसें होत नाहीं. म्हणून बुरशीचा वास येणारी मिरची धुऊन, वाळवून वापरण्याची काटकसर कोणीं करूं नये. ती टाकून द्यावी.

दुसरी पायरी भाजण्याची, आणि हिच्यांतच सारें मर्म आहे. प्रत्येक जिन्नस निराळा भाजावा. जुन्या घरांतून यासाठीं मातीचें खापर वापरीत. जाड बुडाची लोखंडी कढईही चालते. आंच मंद असावी आणि हात थांबूं नये. आधीं गहूं व हरभरे, ते तांबूस होऊन तडतडेपर्यंत. मग धने, त्यांचा कच्चा वास जाऊन खमंग वास सुटेपर्यंत. मग जिरें, बडीशेप, मोहरी, मिरीं. हळकुंडें आधीं खलबत्त्यांत फोडून घ्यावीं आणि गरम करावीं. दालचिनी, लवंग, तमालपत्र इत्यादि सुगंधी जिन्नस नुसते उष्ण होईपर्यंत हलवावे. त्यांचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो, आणि फार भाजलें तर तो मसाल्यांत न राहतां गल्लींत जातो. तीळ आणि खसखस अखेरीस, विझत आलेल्या विस्तवावर, क्षणभर. यांच्यांत तेल अधिक, म्हणून तीं लौकर जळतात आणि लौकर खवटही होतात. त्यांचें प्रमाण वाढवूं नये याचें कारण हेंच. जायफळ भाजूं नये, किसून घालावें. मिरच्यांना उन्हाचा कुरकुरीतपणा आला असेल तर कढईंत केवळ कोमट कराव्या, आणि तें काम नाकाला फडकें बांधून उघड्यावर करावें.

दाणा मोठा असो वा लहान, तेलकट असो वा कोरडा, प्रत्येकाची भाजण्याची वेळ वेगळी. शेजारच्या सुनेची चूक झाली ती येथें. भाजण्यानें तीन गोष्टी साधतात: उरलीसुरली ओल जाते, किड्यांचीं अंडीं मरतात, आणि कच्च्या जिन्नसांत नसलेला असा नवा स्वाद उत्पन्न होतो.

तिसरी पायरी कुटण्याची. पूर्वीं हें काम मुख्यतः बायकांच्या टोळ्या करीत. त्या उन्हाळ्यांत घरोघर फिरत. लांकडी उखळ, लोखंडी टोंकाचीं उंच मुसळें, दोघी किंवा तिघी समोरासमोर उभ्या, एकीचें मुसळ वर तेव्हां दुसरीचें खालीं, आणि ताल चुकूं नये म्हणून तोंडानें गाणें. अशा बाया आतां क्वचितच दिसतात. त्यांची जागा डंखानें घेतली आहे, आणि लालबागच्या मिरची गल्लींत उन्हाळ्यांत डंखापुढें माणसांची रांग लागते. डंखाला नाक मुरडण्याचें कारण नाहीं. तोही मुसळासारखा कुटतो, दळत नाहीं. पिठाच्या चक्कींत मात्र मसाला देऊं नये, कारण दोन पाट्यांमध्यें रगडला जाऊन तो फार तापतो आणि सुगंध कमी होतो. डंखावर आपल्या आधीं कोणाचें काय कुटलें असेल तें सांगतां येत नाहीं. तेव्हां आपल्या मालांतली एक मूठ आधीं कुटवून ती बाजूला काढावी, मग बाकीचें घालावें. आणि कुटणें संपेपर्यंत तेथून हलूं नये.

कुटून चाळलेला मसाला गरम असतो. तो तसाच भरण्याचा मोह होतो, कारण दिवसभराच्या श्रमानें माणूस थकलेलें असतें. हा मोह मला एकदां नडला आहे. मीं पहिल्या वर्षीं मसाला कोमट असतांनाच भरला. त्याची वाफ बाटलीच्या गळ्याशीं थांबली, तेथें ओल धरली, आणि गणपतीच्या सुमारास वरच्या चार बोटांत गांठी होऊन पांढरी बुरशी आली. सगळी बाटली फेंकावी लागली. म्हणून मसाला स्वच्छ कापडावर पातळ पसरून घरांत, सावलींत, पुरता गार होऊं द्यावा.

आतां बाटली, जिच्यावरून या मसाल्याला नांव मिळालें. ही बाटली बिअरची, तपकिरी कांचेची. ती गरम पाण्यानें धुऊन दोन दिवस उन्हांत उपडी ठेवून कोरडी करतात. मग थोडा मसाला घालावयाचा, लांकडी काठीनें ठासावयाचा, पुन्हां थोडा घालावयाचा, पुन्हां ठासावयाचा. आणि गळ्यापर्यंत भरली कीं घट्ट बूच बसवावयाचें. वरील प्रमाणांत साधारण चार बाटल्या भरतात. ज्या कोणीं प्रथम ही बाटली निवडली त्या गृहिणीला रसायनशास्त्र येत नसेल, पण तिची निवड शास्त्राला धरून आहे. मिरचीचा लाल रंग उजेडानें फिका पडतो. तपकिरी कांच उजेडांतले निळे व त्याहून सूक्ष्म किरण अडवते. बिअरवाले ही कांच वापरतात तेंही उजेडानें पेय बिघडूं नये म्हणूनच. ठासून भरल्यानें हवेला जागा उरत नाहीं, आणि अरुंद गळ्यामुळें बूच काढल्यावरही फार हवा आंत जात नाहीं. बरणीचें तोंड रुंद. तींत रोज ओला चमचा जातो आणि वर्षाचा मसाला चार महिन्यांत निस्तेज होतो. म्हणून एक बाटली फोडावी, तिच्यांतला आठवड्यापुरता मसाला लहान डब्यांत काढावा, आणि बाकीच्या बाटल्यांना ती संपेपर्यंत हात लावूं नये.

वापर सोपा आहे. कांदा तेलांत तांबूस परतावा, त्यांत चमचा-दीड चमचा मसाला घालून आंच कमी करावी, तेल सुटलें कीं मटण किंवा कोंबडी घालावी. ईस्ट इंडियन घरांतल्या खुडींतही हाच मसाला पडतो. मासळीच्या कालवणाला तो चालतो. आणि मांसाहार न करणाऱ्यांनीं वालाच्या उसळींत किंवा वांगीं-बटाट्यांत घालून पाहावा. निराश होणार नाहींत असें मी अनुभवानें सांगतें.

कोणी विचारील, बाजारांत तयार मसाल्याच्या पुड्या मिळत असतां हा खटाटोप कशासाठीं? एक उत्तर प्रकृतीचें आहे. २००५ सालीं ब्रिटनमध्यें शेंकडों खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले, कारण त्यांत वापरलेल्या एका सॉसमधल्या मिरचीपुडींत ‘सुदान’ नांवाचा रंग निघाला. हा रंग कारखान्यांतला आहे. खाण्याच्या पदार्थांत घालण्यास त्याला मनाई आहे. आख्खी मिरची डोळ्यांनीं पारखतां येते. तिची पूड झाली कीं विकणाराच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. सर्वच विकणारे खोटे नसतात. परंतु घरीं केलेल्या मसाल्यांत काय आहे हें विचारण्यासाठीं कोणाकडे जावें लागत नाहीं.

दुसरें उत्तर मला अधिक महत्त्वाचें वाटतें. गांवठाणांतलीं अंगणें कमी होत आहेत, मुलें शिकून कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे जात आहेत, आणि ज्यांच्या हाताला कळतें त्या बायका वृद्ध होत आहेत. जिन्नस कोठेंही मिळतील; नाहींसा होईल तो क्रम आणि तें प्रमाण. हें एकट्या ईस्ट इंडियन घरांपुरतें नाहीं. मुलुंड-घाटकोपरच्या चाळींत राहणाऱ्या कोंकणी घरांचा मालवणी मसाला, आगऱ्यांचा मसाला, ब्राह्मणांचा गोडा मसाला, सगळ्यांची हीच स्थिति आहे. तेव्हां माझी विनंति इतकीच, कीं या उन्हाळ्यांत आपल्या घरांतल्या वडील बाईंच्या शेजारीं तागडी आणि वही घेऊन बसावें. त्या मूठ उचलतील ती तोलावी, त्या कढई उतरतील तेव्हां घड्याळ पाहावें, आणि त्यांनीं वास घेऊन मान हलवली तर ती कां हलवली तेंही विचारावें.

आमच्या शेजारच्या बाईंना प्रथम हें तोलणें पोरकट वाटलें. शेवटली मूठ तोलून झाल्यावर त्यांनीं वही मागून घेतली, सगळे आंकडे वाचविले, आणि जायपत्रीपुढें ‘थोडी कमी चालेल’ असें सुनेकडून लिहून घेतलें. ती वही आतां त्या घरांत मसाल्याच्या बाटल्यांशेजारीं असते. दर एप्रिलांत सून ती उघडते, आणि मसाला बिघडत नाहीं.